शेवटी ठेवलेलं आधी

तासगावच्या बाहेर, मणेराजुरीच्या रस्त्याला
कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात रात्रीची पाळी माझी.
टेबलावर आवक-जावक रजिस्टर, शाईचा पॅड,
गेटपासची पुस्तकं,
आणि रजिस्टरखाली अर्धा झाकलेला लॅपटॉप.
झाकलेला अशासाठी, की मालक कधीही येतात
आणि विचारत काहीच नाहीत,
नुसतं बघतात.

बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, ऑनलाइन, तिसरं सेमिस्टर.
वय एक्केचाळीस.
फॉर्मवर रकाना होता: मधल्या वर्षांचं कारण.
मी टाईप केलं, 'बेदाणा'.
मग पुसून, 'घरगुती'.

दर दोन तासांनी उठायचं,
स्वेटरवर स्वेटर, कानाला मफलर,
चारही चेंबरचं तापमान बघून लिहायचं.
परत येईस्तोवर व्हिडिओतल्या सरांनी
एक अख्खं झाड उलटं टांगलेलं असतं,
मूळ वर, पानं खाली.
आमच्याकडं वेलीचं असं चित्र काढलं
तर बागवाला काठी घेऊन येईल.

पण स्टॅक मला एका दमात कळला.
सर ताटांची चळत दाखवत होते.
म्हटलं, ताटं कशाला, चेंबर चार बघा.
मार्चात सगळ्यांच्या आधी आलेला
सावळजच्या तातोबा झांबऱ्यांचा माल,
पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स, पार भिंतीला.
त्याच्यापुढं जतचा, त्याच्यापुढं कवठ्याचा,
दाराशी काल रात्री उतरलेला विजापूरचा.
आणि उद्या सौद्याला काढायचाय तो नेमका तातोबांचा.
इलाहीभाई मुल्ला, हमालांचे मुकादम, म्हणाले,
"म्याडम, जो पयला येतो त्योच अडकतो."
हेच सांगायला सरांना अठ्ठेचाळीस मिनिटं लागली.

मी घरातली थोरली.
धाकटी पुण्यात टेस्टर आहे. फी तीच भरते.

परीक्षेला रात्री नऊचा स्लॉट घेतला.
अटी वाचल्या: खोलीत एकटं असावं,
नजर पडद्यावर असावी, मागं आवाज नसावा.
कळवलं, कॉम्प्रेसर आहे, बंद केला तर
नऊशे टन बेदाण्याला घाम फुटेल.
उत्तर आलं: कृपया शांत जागा निवडा.
मला तर तो आवाज कधीच ऐकू येणं बंद झालंय.
थांबला तरच दचकते.

सतराव्या प्रश्नाला दार उघडलं.
इलाहीभाई, भुवयांवर चेंबरचं दव,
हातात गेटपास.
"सही."
पडद्यावर लाल पट्टी: दुसरा चेहरा आढळला.
मी बोटानं खुणावलं, जा, जा.
ते गेले नाहीत.
वाकून कॅमेऱ्यात बघितलं, कानटोपी काढली,
आणि लॅपटॉपला म्हणाले,
"सायेब, बाई खरी हाय. सही घिऊन जातो, बास."

सही दिली.
गाडी खोळंबली होती, दुसरं काय करणार.
फंक्शन स्वतःलाच हाक मारतं, ती हाक कुठं थांबवायची,
एवढंच उरलं होतं लिहायचं.
अंगठ्याला निळी शाई, कीबोर्डवर तिचा डाग,
एफ वर. अजून आहे.

निकाल राखीव. तीन आठवडे झाले.
एका पहाटे, झोप येऊ नये म्हणून,
चेंबर चारसाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला:
कुणाचा माल काढायचा, तर किती बॉक्स हलवायचे.
तातोबांचं नाव टाकलं.
उत्तर, दोनशे बारा.
इलाहीभाईंना वाचून दाखवलं.
कान कोरत, चेंबरकडं न बघताच म्हणाले, "एकशेशाऐंशी."

मोजले. एकशेशाऐंशी.
बोळातली रांग मी दोनदा धरली होती,
शून्यापासून मोजायचं आणि एकापासून, यातला घोळ.
चूक सापडली तेव्हा इतका आनंद झाला
की कुणाला तरी फोन करावासा वाटला,
पण सव्वाचार वाजले होते.

"सव्वीस बॉक्स वाचले," मी म्हटलं.
"वाचले कुठं," इलाहीभाई म्हणाले,
"आमी कवा जादा हलवलेच न्हाईत."

चेंबर चार: चार पूर्णांक दोन.
लिहून ठेवते.