सात नंबरचा ड्रायर

थंडर बेमधल्या माझ्या लाँड्रीच्या तळघरात
चार पोरं वाजवायची.
भाडं कसलं? पाइप गोठू नयेत म्हणून
रात्रभर हीटर चालू ठेवायचा, एवढाच करार.

मार्सेल, वेस, डॉरीन,
आणि बोलायचं झालं तर ड्रमशीच बोलणारा ताउनो.
बँडचं नाव 'विजोड मोजे',
माझ्या खोक्यातूनच उचललेलं.
जोडीदार हरवलेले मोजे मी त्यात वर्षानुवर्षं ठेवते.
का ठेवते, विचारू नका.

वरचा सात नंबरचा ड्रायर लंगडा.
धड धड थप्प, धड धड थप्प.
दुरुस्त करणार होते. ताउनो म्हणाला, थांबा.
(त्या महिन्यातलं त्याचं ते एकच वाक्य.)
त्या लंगडण्यावर त्यांनी गाणं उभं केलं.

मग चार वर्षं व्हॅन आणि बर्फ.
सडबरीच्या बारमध्ये श्रोते सहा,
त्यातले दोघे हॉकी बघत बसलेले.
कॅसेट माझ्या काउंटरवर, साबणाच्या पुड्यांशेजारी,
तीन डॉलरला. खपल्या अकरा.
एक मीच घेतली. खरं तर दोन.

विनिपेगच्या रात्रपाळीच्या निवेदिकेनं
ती पहाटे तीनला लावली.
वादळात हायवे बंद, ट्रकवाले जागोजागी अडकलेले,
त्यांनी फोन करकरून पुन्हा मागितली.
पुढचं मला नीट ठाऊक नाही.
टोरांटोहून पातळ बुटांतला एक माणूस आला,
तळघराच्या पायऱ्या उतरताना
त्यानं भिंतीला हात लागू दिला नाही.

आता ते दर तासाला लागतं.
बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे,
दुकानात गोठलेल्या कोंबड्यांच्या डोक्यावर.
आवाज डॉरीनचाच,
पण त्याचा पीळ कुणीतरी सोडवलाय.
सगळं गाणं धुतल्या तांदळासारखं.
ड्रायर नाही.
एकतीस वर्षं मी लोकांचे डाग काढतेय,
डाग काढलेली जागा मला कळते.

रागावले? छे.
वेसच्या आईच्या घराला नवं छप्पर आलं.
मार्सेलनं डिसेंबरात भाडं पाठवलं,
चार वर्षांचं, कधी ठरलंच नव्हतं ते.
चेक अजून गल्ल्यातच आहे.

काल एक शाळकरी मुलगी
ओल्या चादरी घेऊन आली. रेडिओवर तेच.
तिनं सातमध्ये नाणी टाकली.
थप्प भलत्याच जागी पडत होती,
दोन कडवी तशीच गेली.
तिसऱ्याला बसली.
मुलीनं मान वर केली नाही,
नुसता पाय हलवायला लागली,
लंगडत.