सुकतुलं

पहिल्या वर्षी मी सगळंच लावलं होतं.
पंख, शिंगं, शेपटीला मोरपीस,
कपाळावर लाल खडा.
माशेलच्या जत्रेत चार दिवस मांडून बसले.
लोक म्हणाले, वा,
आणि खाज्याच्या दुकानाकडे वळले.
बाबा गणपतीच्या सोंडेवर ओला हात फिरवत म्हणाले,
"तुझं जनावर लग्नाला निघालंय.
राहतं कुठे ते?"

राहतं कुठे.
कुंभारजुव्याच्या बांधावर गेले,
मानशीच्या फळ्यांपाशी उकिडवी बसले.
भरती आली की फळ्या आपसूक मिटतात,
सुकतीला उघडतात,
आणि मधल्या फटीत, शेवाळात,
बोटभर जागा उरते.
तेवढ्याच जागेचं जनावर केलं.

गालांना दोन झडपा. नाक नाही.
मागचे पाय चिखलाचे, पुढचे हात दाराचे.
कान एकच, डावा, मोठा,
पाणी परत फिरल्याचं ऐकायला.
पंख पुन्हा सुचले होते. हात आवरला.
नाव ठेवलं: सुकतुलं.

त्या रात्री वीज गेली.
आईनं मेणबत्ती लावली, भिंतीवर सावली पडली,
आणि तिनं मागे न वळता विचारलं,
"हे कोण आलं गो?"

काय नव्हे. कोण.

आता म्हापशाचे औषधवाले शिरसाट
गल्ल्याशेजारी तीन ठेवतात,
खोकल्याच्या बाटल्यांच्या रांगेत;
गिऱ्हाईक सुट्ट्या पैशांसाठी थांबलं की
झडपा कशा चालतात ते समजावून सांगतात. चुकीचं सांगतात.
तारवटी कायतानकडे एक आहे, केबिनच्या नळाजवळ.
म्हणतो, भर समुद्रात त्याला दिवस कळत नाहीत,
मलाही नाहीत.
सावईवेऱ्याची उर्वी, सातवीतली,
पाचपाचच्या नाण्यांत पैसे फेडते;
अजून अर्धा कान माझा आहे.

आणि दिवाडीची एर्मेलिंद बाई.
एकतीस घेतलीत तिनं. कपाटात
बत्तिसावी जागा मोकळी, रोज पुसलेली.
पाहुण्यांना आधी तीच दाखवते:
"हांगा अमावास्येचं येतलें."
अमावास्येचं असतं असं मी कधी म्हटलंच नव्हतं.
एका चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं,
पुनवेचं सुकतुलं अंगानं जाड असतं.
पुढचं तिनं केलं.
मला आता ते घडवावं लागणार,
आणि ते रोडकं असलं तर ती मला माफ करणार नाही.

एकदा हाव सुटली. एकच, सोनेरी मुलाम्याचं,
पोटाखाली क्रमांक कोरलेलं.
फोनवर फोटो टाकला, मिनिटात गेलं.
घेणाऱ्यानं डबा उघडलाच नाही म्हणे,
भाव चढेल म्हणून.
भरती-सुकतीच्या वेळा बघताना
तो अंधारा डबा अजून आठवतो मला.

बाबांचं सगळं पाण्यात जातं.
दीड दिवस, पाच दिवस, सात.
पुढल्या चवथीला पुन्हा तीच माती, तेच लोक दारात.
माझं भाजलेलं, न विरघळणारं.
बाबा विचारतात, "मग ते परत येतं कधी?"
मी म्हणते, येत नाही, तिथंच राहतं.
"वर्षभर?"
वर्षभर.
ते काही बोलत नाहीत, शाडू मळत राहतात.

यंदा श्रावणात मानस मोडली.
आणि उर्वीची चिठ्ठी आली, नाण्यांसोबत, पेन्सिलीनं:
दार मोडलं तर सुकतुलं कुठे जातात?

बांधावर जाऊन आले.
फळ्या नव्हत्या. खारं पाणी सरळ शेतात,
भाताची पातं तांबडी पडलेली.
जिथे फट होती तिथे पाय घालून चाचपलं.
काहीतरी हललं. शेवटो असेल, मासा.

दोन आठवडे झाले. उत्तर लिहायचंय.
बाबा म्हणतात, ठाऊक नाही असं लिही.
मी मातीचा गोळा भिजवलाय,
ओल्या फडक्याखाली,
अजून त्याला कान केलेला नाही.