रविवारी तोफ उडत नाही

पहिल्या खेपेला आम्ही चुकीच्या वारी गेलो.
प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत, ओल्या बाकावर चौघे,
वर काळा किल्ला.
ह्यांनी घड्याळ काढून तळव्यावर धरलेलं,
सारंगची बोटं आधीच कानांत.
मृण्मयी म्हणाली, बाबा, नक्की ना?
नक्की. एकच्या ठोक्याला. वर्षभर ऐकलीय मी.

एक वाजला. एक वाजून चार, सात.
कुत्रा फिरवणारा एक म्हातारा थांबला,
आमच्या वर ताणलेल्या मानांकडे बघून काही बोलला.
त्याचं इंग्रजी मला कळेना, म्हणून
ह्यांनी मिरजेच्या बोलीत सांगितलं:
ऐतवारी न्हाय उडत म्हनं.

वर्षभर राहून एवढं ठाऊक नव्हतं तुम्हाला?
रविवारी मी लायब्ररीत असायचो, म्हणाले.
सारंगनं अजून बोटं काढली नव्हती.

आणि लायब्ररीत बसूनही
सर्जरीच्या परीक्षेत दोनदा नापास झाले हे, त्याच गावात.
मी विचारायची,
जिथं हात पोळले तिथंच परत परत जायची हौस कसली?
लोक काशीला जातात. आमचं आपलं एडिनबरा.
एकदाच उत्तर दिलं, तेही भाजी निवडताना:
निकालाच्या रात्री मिसेस गिलेस्पीनं
माझ्या अंथरुणात गरम पाण्याची बाटली ठेवली होती.
बोलली काही नाही.
थोड्या वेळानं म्हणाले, लाल होती.

समुद्रावरून चढत येणाऱ्या धुक्याला तिथं हार म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ह्यांना डिवचलं:
घातलेला, की पत्करलेली?
हे हसले. जरा उशिरा हसले.

दुसरी खेप माझ्या पाटल्या मोडून झाली
असं मी सांगते. हे सांगायचे, एफडी.
पोर्टोबेल्लोच्या वाळूत सीगलनं
भडंगाची अख्खी पिशवी पळवली
ती त्या वर्षी की पहिल्या, यावर
मृण्मयी आणि सारंग अजून फोनवर भांडतात.
पिशवी जयसिंगपूरची होती, एवढ्यावर एकमत.
लसूण खाऊन त्या पक्ष्याचं पुढं काय झालं
कुणाला माहीत.

शेवटच्या खेपेला दोघंच.
बसमध्ये भांडलो. कशावरून ते आठवत नाही.
खोटं कशाला, आठवतं, पण ते इथं नको.
तीच बाग; बाकाच्या या टोकाला मी,
त्या टोकाला हे, मध्ये छत्री.
मंगळवार होता. हार इतका दाट
की किल्ला होता की नव्हता
हे शपथेवर सांगता आलं नसतं.
मी तोफ विसरूनच गेले होते.

धाड्.

छत्री खाली. माझ्या मुठीत ह्यांची बाही.
हे घड्याळाकडे बघत होते.
अर्धा मिनिट मागे आहे, म्हणाले.
बसस्टॉप येईपर्यंत मी बाही सोडली नाही,
आणि बोललेही नाही.

सारंगनं समजावलंय: तिकडचा एक म्हणजे
आपले उन्हाळ्यात साडेपाच, थंडीत साडेसहा;
ते लोक घड्याळंच सरकवतात.
त्या वेळी मी दूध तापवत असते.
समोरच्या गल्लीत सतारीच्या तारा जुळवणं चाललेलं,
एकच सूर, थोडा वर, पुन्हा खाली.
किल्ला मिरजेलाही आहे. त्यात कचेऱ्या आहेत.

ह्यांचं घड्याळ ओट्यावर असतं.
चावी मी देते, वेळ लावत नाही;
तो अर्धा मिनिट तसाच राहू दिलाय.
भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच होतात, मी गॅस बारीक करते,
मग ओट्यावरचे व्हायची वाट बघते.

रविवारीसुद्धा.
कुणीतरी येऊन नाही म्हणून सांगेपर्यंत
बसायचं, झालं.