अब्जात एक्क्याण्णव

सकाळी यंत्र सुरू केलं की पहिला श्वास माझा.
निरोगी माणसाचा लागतो, तसा नियम आहे.
बारा, तेरा, एखाद्या दिवशी चौदा.
माझ्यावरून यंत्र खरं ठरतं,
मग दिवसभर यंत्रावरून
बाकीचे लोक.

किर्केनेसच्या इस्पितळात तळमजल्यावर माझी खोली.
नोव्हेंबरअखेर सूर्य जातो तो जानेवारीत उगवतो.
तोवर खिडकीत निळसर काळोख,
बर्फ खरवडत जाणारी एक गाडी,
आणि दारात बूट झटकत
तुरिद मिक्कलसेन, खेकड्यांच्या कारखान्यातली.
अठरा वर्षं तिनं उकळत्या हंड्यांची वाफ गिळली.
आता हंडे झाकलेले, तिची बदली पॅकिंगला,
पण छाती जुनी उधारी विसरत नाही.

"कशी आहेस?"
"बरी."
या किनाऱ्यावर सगळे बरेच असतात.
माझे वडीलही बरेच होते,
बोटीच्या शिडीवर, तिसऱ्या पायरीपर्यंत.

नळी ओठांत धर. खोल आत घे. आता सोड,
हळू, एकसारखा, दहा सेकंद.
पडद्यावर एक ढग येतो,
दोन रेषांच्या मधून त्याला न्यायचा.
जोरात फुंकलं तर वर उडतो,
हात सैल सोडल्यासारखा श्वास सोडला तर खाली बसतो.
धर, धर, अजून थोडा दम धर, मी म्हणते,
दम्याच्या बाईला,
आणि माझी मलाच लाज वाटते.

मग मिनिटभर दोघी गप्प.
ऑगस्टमध्ये अठ्ठावीस होते.
आज एक्क्याण्णव.
एक अब्ज भागांत एक्क्याण्णव भाग नायट्रिक ऑक्साइड,
सुजलेल्या श्वासनळ्यांनी
तिला न विचारता बाहेर धाडलेला निरोप.
छातीत शिट्टी नाही. खोकला नाही.
जोरात फुंकायची चाचणी उत्तम.
तुरिद आकड्याकडे बघते
शेजारच्या चुगलखोर पोराकडे बघावं तशी.
"तुझं यंत्र बिघडलंय."
सकाळचे माझे तेरा मी तिला दाखवत नाही.

मिठाच्या पाण्याचा फवारा तिनं ओढला,
खोकली, मी डबी पुढे केली.
थुंकी झेलणं ही लोकांत शिवी आहे.
मला त्याचा पगार मिळतो.
विरघळवली, फिरवली, काचपट्टीवर पसरली,
इओसिनचा रंग दिला
(ग्रीकांच्या उषेवरून पडलेलं नाव)
आणि मोजायला बसले. चारशे पेशी.
राखाडी, राखाडी, गुलाबी.
राखाडी. गुलाबी. गुलाबी.
बाहेर सकाळचे साडेअकरा, चांदण्या तशाच,
आणि भिंगाखाली एका बाईच्या छातीतून आलेली
ही पहाट, नको असलेली.
शेकडा चौदा.
तीनच्या वर गेले की डॉक्टरांना फोन.

औषधाबद्दल मी विचारलं नाही.
आकडा टेबलावर ठेवला, बस.
हातमोजे चढवता चढवता ती दारातून म्हणाली:
"पंप घेतला की आवाज बसतो.
नाताळात चर्चमध्ये वरची पट्टी माझी असते.
ऑक्टोबरपासून बंद केलाय.
गाताना दम पुरतो, शपथ."

पुरत असणार.
सूज लगेच गाण्याच्या आड येत नाही,
तीही दम खाते.

मी तिला पंपाला जोडायचं नळकांडं दिलं.
सांगितलं, पंप घेतल्यावर चूळ भर, घशापर्यंत,
आणि थुंकून टाक. आवाज राहील बहुतेक.
हे तिला सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
किंवा मीच सांगितलं होतं, घाईत,
पुढचा पेशंट बूट झटकत असताना.

सहा आठवड्यांनी यायची आहे.
तोवर क्षितिजावर अर्धा तास का होईना, ऊन असेल.

आज सकाळी माझे सतरा आले.
सतरा म्हणजे काही नाही, नियमात बसतात.
पुन्हा फुंकलं. सतरा.
वहीत लिहिले.
"कशी आहेस?" आश्लेउगनं कोट टांगत विचारलं.
"बरी," मी म्हटलं.