परत करण्याचा उजवा

जपानहून कात्री आली, बावीस दिवसांनी.
सेलूच्या पोस्टमननं मोंढ्यापासून हाका मारत आणली,
प्रयागबाई, परदेशातून आलंय बघा,
आणि अर्धी गल्ली माझ्या मशीनभोवती उभी राहिली.

खोक्यात खोकं, त्यात तलम कागद,
कागदात कात्री. तेल लावलेली, थंड,
दुधनेतल्या माशासारखी.
मी डावा हात घातला
आणि अंगठ्याला आधी कळलं.
उजवी आहे.

डाव्या हाताची मागवली होती.
चाळीस वर्षं मी रेघ न बघता कापते.
उजव्या कात्रीचं पातं डाव्या हातात
रेघेवरच येऊन बसतं,
एसटीत पुढच्या सीटवर उंच माणूस बसावा तसं.
बगलेची गोलाई अंदाजानं, गळा अंदाजानं,
आणि बायका म्हणतात, हात बसलाय प्रयागबाईचा.
बसलाय की.
अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढा घट्टा करून बसलाय.

भाचीनं, मोनालीनं, कळवलं त्यांना.
रात्री उत्तर आलं, मराठीत,
मशीननं केलेल्या मराठीत:
प्रिय ग्राहक, आम्ही खूप माफी आहोत.
तुम्हाला तीस दिवस परत करण्याचा उजवा आहे.

मी दोनदा वाचलं.
म्हटलं, उजवा आहे हे मलाही माहीत आहे,
तेच तर भांडण आहे.
मोनाली हसून हसून कापडाच्या ढिगावर पडली.
मावशी, इंग्रजीत हक्काला आणि उजव्याला
एकच शब्द आहे गं.

मला लगेच हसता आलं नाही,
तोंडात टाचण्या होत्या.
एकच शब्द. म्हणजे तिकडंही.
आपल्यात शब्द दोन, पण नांदतात एकाच घरात.
दोन पोरी उजवल्या मी.
कूस उजवली तेव्हा सासूनं पेढे वाटले.
आणि डाव्याला काय, तर डावललं.
चौथीत गुरुजींनी पट्टी मारली ती याच बोटांवर.
लिहायला शिकले मग उजव्यानं.
कापायला नाही शिकले.
कापताना कुणी बघत नव्हतं.

पोस्टात गुलनाज मॅडमनी वजन केलं,
मग माझ्याकडं बघितलं.
कामून वापस करायलात?
तीन हजार आठशेची कात्री,
अन् पाठवायला दोन हजार एकशे चाळीस.
परभणीत विकून टाका की कुणाला.
मी म्हटलं, फॉर्म द्या.

फॉर्म तीन प्रतींत. वस्तू. वजन. किंमत.
खाली एक लांब चौकोन, कारण.
मोनाली कानात म्हणाली, खराब लिही,
पैसे लवकर मिळतील.
पण खराब नव्हती ती.
मोनालीच्या हातात देऊन चिंधी कापून बघितली होती,
लोण्यातून जावी तशी गेली.

पेन दोरीनं बांधलेलं, खिडकीच्या उजव्या अंगाला.
डाव्या हातापर्यंत दोरी पुरेना.
मी सगळं अंग वळवलं,
रांगेकडं तोंड करून उभी राहिले,
आणि पन्नाशीत पहिल्यांदा डाव्यानं लिहिलं,
शाळेतल्या पोरीसारखं वाकडं:
कात्री चांगली आहे. हात दुसरा आहे.

मॅडम म्हणाल्या, अहो, मराठी कोण वाचणार तिथं?
म्हटलं, त्यांच्याकडं मशीन आहे.

बारा दिवस झाले.
पार्सल मुंबईत थांबलंय, असं मोबाइल म्हणतो,
कालही तेच म्हणत होता.
दिवाळीचे सतरा ब्लाउज पडलेत,
जुनीच कात्री, जुनाच अंदाज.

काल रात्री मोनाली एकदम उठून बसली.
मावशी, हात दुसराचं त्या मशीननं
सेकंड हँड केलं तर?

मी गोलाईवर होते.
कात्री थांबवली नाही.