उकळीच्या अलीकडे

सातपूरच्या भट्टीवर माझी सव्वीस वर्षं गेली.
आठशे साठ अंशांना पोलाद कसं दिसतं
ते मी मीटर न बघता सांगतो:
पिकल्या पपईच्या गरासारखं.
त्यापुढे गेलं की पिवळं पडतं, मग वाया.
पण नव्वद अंश?
नव्वद अंश मला कधी कुणी विचारलेच नव्हते.

हेमांगीचा ताप अकराव्या दिवशी उतरला.
डॉक्टर म्हणाले, पातळच द्या, चार दिवस.
जानेवारी. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर,
इकडे अशोकनगरात नळाचं पाणी हाताला चावत होतं.
मी स्वयंपाकघरात उभा, पाहुण्यासारखा.
सोड्याची डबी हिंगाची समजून
एकदा उघडली, एकदा शिंकलो.

सूप मला एकच येतं.
नागोयाच्या बाहेर, ट्रेनिंगच्या साली,
हॉस्टेलात तापानं पडलो होतो तेव्हाचं.
आधी पलीकडच्या खोलीतला थुआन आला,
भात शिजवून शिजवून पार विरघळवलेला,
वर आल्याचे केस.
मी म्हणालो, पेज.
तो म्हणाला, चाओ.
दोघांनी मान हलवली, भांडण नव्हतं.

मग मेसच्या निशिमुराबाई.
आम्हा दोघांत भाषा नव्हती, बोट होतं.
मला बरं वाटल्यावर त्यांनी गॅसपाशी उभं केलं,
गरम पाण्यात मिसो गाळणीतून उतरवला,
काठाला पहिला बुडबुडा आला तसं
बोट माझ्या नाकासमोर,
आणि गॅस बंद.
दुसऱ्या दिवशी पुन्हा: बुडबुडा, बोट, बंद.
एवढाच अभ्यासक्रम.

गेल्या साली देवरे तिकडे जाऊन आला,
मिसोचा डबा आणला माझ्यासाठी.
तो फ्रीजमध्ये, लिंबाच्या लोणच्यामागे.
हेमांगी त्याला 'तुमचं ते वंगण' म्हणते.
सोबत सुकं समुद्री शेवाळही होतं,
ते तिनं कचरा समजून तुळशीच्या कुंडीत टाकलं.
तुळस, सांगायलाच हवं, जोमात आहे.

बाईंच्या सुपात माशाचं पाणी असायचं.
ते आमच्याकडे चालायचं नाही.
म्हणून मूग शिजवले, वरचं कळण गाळून घेतलं,
पातीचा कांदा चिरला, जाडाभरडा,
पनीरचे चार तुकडे, बोटांनीच मोडलेले.
आच बारीक केली.
चमचाभर वंगण.

आतल्या खोलीतून आवाज आला,
अकरा दिवसांतला पहिला खणखणीत:
"उकळू देऊ नका हं ते!"
तुला काय माहीत, मी विचारलं.
"वासावरनं. कढीच्या जातीचं आहे.
उकळी आली की फुटतं."

मी पळी धरून तसाच.
बावीस वर्षं या घरात कढी झाली,
आणि दर वेळी तिच्याजवळ कुणीतरी उभं होतं,
ढवळत, एकाच बाजूनं,
दारावरची बेल वाजली तरी न हलता.
मी बाहेर बातम्या बघत असायचो
आणि वाटीत आलेली कढी
वाटीतच तयार होते असं धरून चाललो होतो.

तिनं दोन्ही हातांनी वाटी धरली.
वाफेनं चष्मा पांढरा झाला, काढला नाही.
दोन घोट. मग:
"मीठ आहे. जिऱ्याची फोडणी हवी होती."
अर्धी वाटी प्यायली, पनीर बाजूला काढलं.

दुसऱ्या दिवशी मी कढी केली, तिच्या सांगण्यावरून, पलंगावरून.
फुटली.
ती मात्र सगळी संपवली तिनं,
वर म्हणाली, रजा किती उरलीय तुमची?

ओट्यावर कालची वाटी अजून होती, न घासलेली.
तळाशी मिसो बसला होता, ढग खाली उतरून बसावा तसा.
मी जरा हलवली.
तो उठला.