अर्धा इंच माया

बाणकोटहून बसऱ्याला आले तेव्हा
शिवणयंत्राचं डोकं सतरंजीत गुंडाळून आणलं होतं.
अशारच्या बाजारामागे दुकान, पाटी नाही.
ज्या यायच्या त्यांच्या गाड्यांनाही नंबर नव्हता.
मंत्र्यांच्या बायका. सुरक्षाप्रमुखाची. राज्यपालाची धाकटी.
माप घेताना मी एवढंच म्हणायचे, "हात वर",
आणि क्षणभर त्या दाराकडे बघायच्या.

दर सोमवारी राजवाड्यातून फोन:
गुरुवारी वरच्या बाई मोरपंखी घालणार.
म्हणजे गुरुवारी मोरपंखी कोणी घालायचं नाही.
मी ते तागे फळीवर उलटे फिरवून ठेवायचे.
एकदा उम्म घस्सानने हिरवा शिवून घेतला.
"हिरवा वेगळा," म्हणाली.
झुंबराखाली तो मोरपंखी दिसला.
तिच्या नवऱ्याची बदली झाली. कुठे, ते माझ्या वहीत नाही.
वहीत फक्त छाती, कंबर, उंची.

पण वही नीट वाचली तर कळतं.
सुहैरची कंबर, मार्चमध्ये एकतीस,
एप्रिलअखेर अठ्ठावीस.
रमजान तर अजून लांब होता.
त्याच सुमारास टीव्हीवर तिचा नवरा
पहिल्या रांगेतून तिसऱ्या रांगेत गेलेला.

ती एकटी आली, भर दुपारी, वीज नसताना.
नूमीचा चहा दिला, प्यायली नाही.
"शिवणीत आत जागा किती सोडतेस?"
अर्धा इंच. आमच्याकडे तिला माया म्हणतात.
"म्हणजे?"
माझं अरबी अडखळलं.
म्हटलं, जीव लावणं. पैसाअडका. आणि डोळ्यांना जे खोटंच दिसतं, तेही.
हसली. तेव्हा कळलं, पुढचा एक दात तुटलाय.
"मग दोन इंच सोड."

रात्री तिची पुरचुंडी उघडली.
सोन्याच्या नऊ लिरा,
मुलाचा जन्मदाखला, बारीक घडी केलेला,
आणि एक दुधाचा दात.
नाणी वाजू नयेत म्हणून एकेकीला
माझ्या जुन्या ओढणीची चिंधी गुंडाळली.
दाताचं काय करावं सुचेना. कॉलरमध्ये शिवला.

गुरुवारी न्यायला कोणी आलं नाही.
पुढच्या गुरुवारीही नाही.
सोमवारी फोन मात्र आला: या वेळी पांढरा.
मी तागे उलटे केले.

मग दोन पुरुष आले. वही मागितली. दिली.
छाती, कंबर, उंची.
त्यांनी पानं उलटली, आकडे बघितले, परत केली.
झगा खुंटीवरच होता.
जाताना एकाच्या खांद्याला घासला
आणि हलला,
कापडानं हलावं त्याहून जरा सावकाश.